करवत घासून लख्ख केली, तरी त्याच जागी गंज परत का येतो?

जुनी करवत माळ्यावरून नाहीतर भंगारवाल्याकडून काढायची, दोन रविवार खर्ची घालून घासायची, तेल लावून टांगायची, आणि मृगाचे चार पाऊस पडले की तिच्या अंगावर पुन्हा तोच नारिंगी गंज. ही तक्रार घेऊन माझ्याकडे येणारे जवळपास सगळे एकच विचारतात: अजून बारीक पेपर वापरू का? मी म्हणतो, आधी पेपर खाली ठेवा. घासणं कमी पडलं म्हणून गंज परत येत नाही. पात्याच्या बारीक खड्ड्यांत काहीतरी मागे राहिलेलं असतं, नाहीतर करवत ठेवायची जागा चुकलेली असते. ते कारण जोवर जागेवर आहे तोवर दरवर्षी घासाल आणि दरवर्षी थोडं पोलाद गमवाल. हातकरवतीचं पातं जेमतेम एक मिलिमीटर जाड, आणि चांगल्या जुन्या करवतीत पाठीकडे ते आणखी पातळ करत नेलेलं असतं. दहा वेळा खरवडण्याइतकं पोलाद त्यात नाहीच.

हे मला शिकवलं ते आमच्या आळीतल्या नानांच्या करवतीने. मी चिपळूणचा, शाळेत विज्ञान शिकवायचो, आणि जुनी हत्यारं नीट करायचा नाद मला पहिल्यापासूनचा. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा नानांच्या सुतारकामाच्या दुकानात ते छताला टेकलं होतं. रंधे, पटाश्या, वाकस, सगळं चिखलात. त्यातच त्यांच्या वडिलांनी मुंबईला गोदीत असताना घेतलेली 26 इंची, इंग्लंडातल्या शेफील्डची करवत. पाचव्या दिवशी चिखलातून निघाली तेव्हा ती तपकिरी पत्र्याचा तुकडा वाटत होती. घरच्यांनी घाईघाईत, जे हाताशी होतं ते, म्हणजे संडास साफ करायचं ॲसिड तिच्यावर ओतलं. दहा मिनिटांत गंज गेला, पातं राखाडी झालं. नळाखाली धुतलं, पुसलं, खोबरेल लावलं. सगळ्यांना बरं वाटलं.

दिवाळीत नाना ती घेऊन माझ्याकडे आले. पात्यावर मोहरीएवढे नारिंगी ठिपके. मी घासली. पुढच्या जूनमध्ये परत आले. मी आणखी घासली, अगदी 400 नंबरच्या पेपरपर्यंत. त्या श्रावणात तिसऱ्यांदा दारात. "मास्तर, हिचा गंज काय जात नाय बघा." या वेळी मी तिचा आधी काढलेला फोटो मोबाइलवर शोधला आणि पात्याशेजारी धरला. ठिपके जिथल्या तिथे होते. मुठीपासून चार बोटांवर तीन ठिपक्यांचा त्रिकोण, टोकाकडे एक लांबट डाग. आकाशातल्या नक्षत्रासारखे, एकही जागेवरून हललेला नाही.

बाहेरच्या दमट हवेने आलेला गंज इतका शिस्तीचा नसतो. तो दर वेळी वेगळीकडे उगवतो.

गंजाची जागा बघा

म्हणून माझं पहिलं सांगणं: करवत साफ केल्यावर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, आणि गंज परत आला की आधी फोटो शेजारी धरा. गंज कुठे आणि कसा आलाय यावरून कारण बहुतेक वेळा कळतं.

धुऊन पुसल्यावर तासाभरात सगळ्या पात्यावर सारखी, बोटाला लागेल अशी नारिंगी पूड आली, तर पातं ओलं राहिलं किंवा आम्ल पुरतं मारलं गेलं नाही. याला घाबरू नका. रॉकेलच्या बोळ्याने ती निघते, खाली खड्डा पडलेला नसतो. मुठीच्या कडेला लागून रेघ उमटली, तर ओल मुठीच्या खाचेत दडली आहे. पाठीजवळ, अंगठा-तर्जनीने उचलतो तिथे, बोटांच्या ठशासारखे डाग पडले तर तो तुमचाच घाम. घामात मीठ असतं. ज्यांच्या हाताला घाम जास्त, त्यांनी काम झाल्यावर पातं पुसल्याशिवाय ठेवूच नये.

कापडाच्या विणीसारखी आडवी-उभी नक्षी दिसली तर करवत गोणपाटात गुंडाळलेली होती. गोणपाट ओल शोषतो आणि ती पात्याला चिकटवून ठेवतो. त्याहून वाईट म्हणजे खताची रिकामी पिशवी. आपल्याकडे ती फुकट मिळते, जाड असते, म्हणून हत्यारं हमखास तिच्यात बांधतात. पण शिवणीत उरलेले खताचे कण हवेतलं पाणी ओढून घेतात आणि लोखंड खातात. मिठाच्या गोणीत बांधलं काय नि यात बांधलं काय, फरक थोडाच.

दातांच्या रांगेवर निळसर काळे डाग असतील तर तो बहुधा गंज नाहीच. ओला खैर, आईन असलं लाकूड कापलं की त्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, लोखंडाला लागून काळं होतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून शाई करायचे, तीच ही क्रिया. तो काळेपणा पात्याला अपाय करत नाही, घासून काढायची गरज नाही. अपाय करतो तो दातांत अडकलेला ओला भुसा.

आणि एकाच कपाटातली करवत, कानस, स्क्रू, बिजागऱ्या, सगळं एकदम गंजत असेल, तर करवतीकडे बघू नका, कपाटात बघा. संडासच्या ॲसिडची बाटली तिथे आहे का? बूच घट्ट असलं तरी तिची वाफ थोडी थोडी झिरपते आणि बंद कपाटातलं सगळं लोखंड खाते. इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी ठेवलेल्या हत्यारांचंही तेच. चार्ज होताना तिच्यातून आम्लाचे बारीक तुषार उडतात.

आता उरली नानांच्या करवतीची खूण: तेच ठिपके, त्याच जागी. याचा अर्थ खड्ड्यांच्या तळाशी क्लोराइड बसलंय. मीठ असो की संडासचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, दोन्हींत तेच. खारी हवा, मासळीच्या पेटीजवळची जागा, समुद्राकाठचं घर, यांतूनही ते येतं. क्लोराइडची खोड अशी की ते गंज तयार करताना खर्ची पडत नाही. लोखंडाशी जुळतं, त्याचा गंज बनतो, आणि मोकळं होऊन पुन्हा खालच्या ताज्या लोखंडाला भिडतं. हवेत ओल आली की हे चक्र चालू. वरून घासल्याने ठिपक्याचं डोकं उडतं, मूळ तसंच राहतं. ॲसिडने गंज दहा मिनिटांत गेला म्हणून आनंद होतो, पण खरं तर आपण त्या खड्ड्यांत पुढच्या गंजाचं बी पेरलेलं असतं. म्हणून संडासच्या ॲसिडचा एक थेंबही करवतीला लावू नका. आम्लच वापरायचं तर लिंबूसत्त्व घ्या, लिटरला 50 ग्रॅम, दर अर्ध्या तासाने पातं बघा, आणि रात्रभर भिजत तर मुळीच टाकू नका. आम्ल दातांची टोकं बोथट करतं.

मीठ बाहेर काढणं

मी शंका शाळेच्या प्रयोगशाळेत तपासली. गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणलं, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्यात स्वतःचंच क्लोराइड असतं, ते चालत नाही. एका खड्ड्यावर त्या पाण्यात भिजवलेला कापूस रात्रभर ठेवला, सकाळी तो परीक्षानळीत पिळला, नायट्रिक आम्लाचे दोन थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेट. शेजारी नुसत्या बॅटरीच्या पाण्याची दुसरी नळी. नुसतं पाणी नितळ राहिलं. करवतीच्या पाण्यात ताकासारखी पांढरी झाक उतरली, म्हणजे क्लोराइड होतंच. दहावीच्या मुलांना वर्षानुवर्षं दाखवलेली ती परीक्षा मला आधी सुचायला हवी होती. प्रयोगशाळा नसेल तर ही तपासणी सोडून द्या, फोटोंवरूनही पुरेसं कळतं.

उपाय साधा आहे, पण वेळ खातो. मूठ काढून पातं मोकळं करा. खपल्या आलेला जाड गंज जुन्या पातळ पटाशीने, ती जवळजवळ आडवी धरून, सोलून काढा. मग रॉकेल लावून वॉटर पेपर, 180 किंवा 220 पासून, लाकडाच्या सपाट गुटक्याला गुंडाळून, नेहमी पात्याच्या लांबीच्या दिशेने. नुसत्या बोटांनी घासलं की पेपर खळग्यांत शिरतो आणि कारखान्याचा शिक्का पुसला जातो. गुटक्याखाली शिक्क्याची खोलगट अक्षरं काळी राहतात आणि भोवतालचं पातं उजळतं. नानांच्या पात्यावर 'कास्ट स्टील' ही अक्षरं अशीच वर आली. कास्ट म्हणजे साच्यात ओतलेली करवत नव्हे. मुशीत वितळवलेलं पोलाद, जे बेंजामिन हंट्समनने 1740 च्या दशकात शेफील्डला सिद्ध केलं. तो शिक्का दिसला तर अगदी जपून हात चालवा.

ग्राइंडरला तारेचा ब्रश किंवा डिस्क लावून हे काम करू नका. पात्यावर निळा डाग उमटला की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, आणि एका बाजूने तापलेलं पातं वाकतं ते वेगळंच.

आता पाळी धुण्याच्या सोड्याची. तीन फूट लांब, दहा इंच रुंद चौकट चार पट्ट्या ठोकून केली आणि तिच्यावर पावसाळ्याला आणतो ते जाड प्लास्टिक अंथरलं. त्यात पातं आडवं मावतं. लिटरला 20 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून, हात बुडवता येणार नाही इतकं गरम पाणी ओतायचं. उकळतं नको, प्लास्टिक सैल पडतं. ॲल्युमिनियमचं पातेलं यासाठी घेऊ नका, सोडा ॲल्युमिनियम खातो. सोड्याच्या पाण्यात लोखंड गंजत नाही, त्यामुळे पातं तिथे निर्धास्त पडून राहू शकतं, आणि खड्ड्यांतलं क्लोराइड हळूहळू पाण्यात उतरतं. मी रोज सकाळी पाणी बदललं, प्लास्टिकच्या ब्रशने ठिपक्यांवर घासलं, आणि पुन्हा गरम पाणी. नानांच्या करवतीला सहा दिवस लागले. हलक्या डागांना दोन-तीन दिवस पुरतात. बाजारच्या सोड्यातही थोडं मीठ असू शकतं, म्हणून शेवटची दोन भिजवणं बॅटरीच्या पाण्यात, तेही गरम, आणि तपासणी करायची तर ती या शेवटच्या पाण्यावर.

इथेच बहुतेकांचं गणित फिसकटतं. सोड्यातून काढलेलं पातं उघड्यावर पाच मिनिटं राहिलं तरी त्यावर नारिंगी छटा चढते. म्हणून शेवटचं पाणी गरमच हवं. त्यातून काढून कोरड्या सुती फडक्याने पुसलं की पातं स्वतःच्या उबेनेच वाळतं. लगेच रॉकेलचा हात, किंवा डब्ल्यूडी-40 असेल तर ते. त्याच्या नावातला डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं, आणि तेवढं काम ते चोख करतं. महिनोन्महिने राखण करायला मात्र त्याचा थर फार पातळ. हे सगळं काम शिमग्यानंतर, मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात करा. आषाढात केलंत तर प्रत्येक पायरीला हवेशी झुंजावं लागेल.

मूठ, पाठ आणि दात

मूठ काढल्याशिवाय केलेली सफाई अर्धीच. जुन्या करवतींच्या पितळी नटांना मधोमध खाच असते आणि बोल्टाचं टोक नटाच्या पातळीला येतं. साध्या स्क्रू ड्रायव्हरने खाच फाटते. एका जुन्या चपट्या ड्रायव्हरच्या टोकाला मधोमध कानशीने खाच पाडून घ्या, तो नीट बसतो. मुठीखाली लपलेला पात्याचा भाग सगळ्यात जास्त खाल्लेला सापडेल. त्याचीही तीच सफाई, आणि बसवण्याआधी मेणाचा जाड हात. मुठीचं लाकूड पाण्यात बुडवू नका. कोरडं घासून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, पसरून वाळवा. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो.

पाठीवर पितळी पट्टी असलेल्या छोट्या करवतीत पुराचा चिखल पट्टीच्या घडीत बसतो. पट्टी हलक्या टोल्यांनी काढता आली तर काढा. नाही आली तर सोड्याचं पाणी, मग कडक ऊन, आणि घडीत वितळलेलं मेण मुरवा.

दातांच्या मुळाशी खोल खड्डे असतील तर ती करवत वाचवण्यात अर्थ नाही. दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवायला गेलात की तिथेच तुटतील. दातांची टोकंच निळीकाळी दिसली तर ते कडक केलेले नवे दात. त्यांच्यावर कानस घसरते, कापत नाही. अशा करवतीला गंज काढूनही धार लावता येत नाही. चांगल्या जुन्या करवतीला मात्र तिकोनी कानशीने धार लावा आणि लावल्या लावल्या दातांवरून मेणबत्ती फिरवा. कानशीने उघडी पडलेली ताजी टोकं पात्याच्याही आधी गंजतात.

तेल की मेण

कोकणात हत्याराला खोबरेल हा शिरस्ताच आहे. लावल्यावर छान चकाकतं. काही काळाने मात्र खवट होतं, त्यात आम्ल वाढतं, भुसा चिकटतो, आणि भुसा ओल धरतो. शिलाई मशीनचं तेल त्याहून बरं, पण टांगलेल्या पात्यावरून ते ओघळून खालच्या कडेला जमतं आणि वरचा भाग उघडा पडतो. मी मेणावर आलो तो इथेच थांबलो. एक भाग मधमाशीचं मेण, तीन भाग टर्पेंटाइन. मेण गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा, घराबाहेर, आणि विस्तव पूर्ण विझवून मगच टर्पेंटाइन ओता. उन्हात तापलेल्या पात्यावर फडक्याने पातळ चोळा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसा. मेण ओघळत नाही, लाकडावर तेलाचे डाग पाडत नाही, आणि करवत लाकडात इतकी हलकी चालते की फरक पहिल्याच कापणीत हाताला कळतो. गाडीचं पॉलिश यासाठी नको. त्यातलं सिलिकॉन लाकडाला लागलं की पुढे त्या लाकडावर पॉलिश धरत नाही.

पावसाळ्यात कुठे ठेवायची

नानांची आजी करवत चुलीच्या वरच्या वाशाला अडकवायची. धुराने काळी व्हायची, गंजायची नाही. त्यात मोठी समज होती. गंजाला पाणी लागतं, आणि पहाटे गार पडलेल्या पोलादावर दमट हवा आली की त्याला घाम सुटतो. पातं हवेपेक्षा जरा उबदार राहिलं तर तो सुटत नाही. आता चूल नाही, पण स्वयंपाकघराला लागून असलेली आतली भिंत आहे. बाहेरची, पावसाचा मारा झेलणारी भिंत टाळा. भिंतीला पातं टेकू देऊ नका, मधे दोन बोटं हवा राहू द्या. कपाटात 15 वॅटचा जुना तारेचा बल्ब लावायची पद्धत चांगली होती. त्या जागी एलईडी लावलात तर उजेड मिळेल, ऊब जवळपास नाही. सिलिका जेलच्या पुड्या आमच्या पावसात आठवड्याभरात भरतात. तापवून पुन्हा कोरड्या करणार असाल तरच ठेवा. मोटारीचे सुटे भाग ज्यात गुंडाळून येतात तो व्हीसीआय, म्हणजे गंज रोखणारी वाफ सोडणारा, कागद मिळाला तर मात्र जरूर घ्या, बंद पेटीत तो खरोखर काम करतो. दातांवर घालायला विजेच्या वायरिंगची पीव्हीसी पट्टी मापात कापून घ्या, पण तिच्या तळाला दर वीतभर भोक पाडा, नाहीतर ओल तिच्यातच साचते.

मृग लागायच्या आधी एकदा आणि मग गौरी-गणपतीच्या सुमारास एकदा, असा मेणाचा हात पुरतो. समुद्राकाठी राहत असाल तर दर महिन्याला.

नानांची करवत मार्च 2023 मध्ये सोड्यातून निघाली. पहिल्या पावसाळ्यात त्या त्रिकोणातला एकच ठिपका, मुठीजवळचा, हलका नारिंगी झाला. तेवढ्याच जागेवर सोड्याच्या गरम पाण्याने भिजवलेला कापूस चार दिवस, रोज बदलून, मग बॅटरीचं पाणी, मग मेण. पेपर लावलाच नाही. गेल्या गणपतीत नानांच्या मुलाने त्याच करवतीने मखराच्या फळ्या कापल्या, आणि दुसऱ्या दिवशी मी फोटो शेजारी धरून पाहिलं: खड्डे आहेत, तळाशी काळे, कोरडे.